मालवणच्या समुद्रातील वजनाचा हिशेब

मालवणास जाणारा प्रवासी पूर्वी सिंधुदुर्गाचे दर्शन घेऊन आणि सोलकढीची चव जिभेवर घोळवीत परतत असे. अलीकडे त्याच्या प्रवासात एका नव्या कार्यक्रमाची भर पडली आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या दुर्गाचे बांधकाम आरंभिले, त्याच्याच आसपासच्या खडकांपाशी होड्या नांगरलेल्या असतात आणि पाठीवर हवेचे सिलिंडर बांधलेली माणसे पाण्यात उतरताना दिसतात. ह्या विद्येस स्कूबा म्हणतात. घरातील तरुण मंडळी तिच्याकडे ओढ घेतात आणि वडील मंडळी चिंतेत पडतात. हवा संपेल, मासा चावेल ही भीती सर्वांसच वाटते. परंतु अंगावर शिसे किती बांधले आहे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते तो प्रश्न आधी विचारावयास हवा.

गेल्या हिवाळ्यात आमची पुतणी ही विद्या रीतसर शिकावयास निघाली, तेव्हा आम्हीही सहकुटुंब तिच्या समवेत तारकर्लीस मुक्काम केला. मालवणपासून हे गाव अवघ्या काही मैलांवर आहे. एका बाजूस सुरूची झाडी व पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीचे संथ पात्र. येथे पहिले धडे तलावाच्या गोड्या पाण्यात मिळतात व पुढचे समुद्रात. पुतणीस तलावात ४ किलो शिसे पुरले. समुद्रात शिक्षकांनी ते ६ किलो केले. आमच्या आत्याबाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आणखी दोन किलो बांधा की! जड असलेले बरे, पोर लाटांनी वाहून जावयाची नाही."

शिक्षक हसून म्हणाले, "मावशी, तिला तळाशी जाऊन बसावयाचे नाही, मध्येच राहावयाचे आहे." आणि मग त्यांनी सारा हिशेब आम्हांस समजावून दिला.

आर्किमिडीजचा नियम शाळेत आपण सर्वांनी घोकला आहे: वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर ढकलतो. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, तर समुद्राचे सुमारे १०२५ ग्रॅम. माणूस व त्याचा सारा सरंजाम मिळून ८० लिटर पाणी बाजूस सारीत असेल, तर समुद्रात त्याला वर ढकलणारा रेटा दोन किलोंनी वाढतो. तलावातले चार समुद्रात सहा का झाले, ह्याचे उत्तर एवढेच. शिवाय चरबी तरते व स्नायू बुडतात. म्हणून स्थूल गृहस्थास शिसे अधिक लागते आणि कृश गृहस्थास कमी.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. हवेस वजन आहे हे आपण विसरतो. ११ लिटरच्या सिलिंडरात २०० पट दाबाने सुमारे २२०० लिटर हवा कोंबलेली असते व ती अडीच किलोंहून अधिक भरते. ती श्वासावाटे निघून गेली की माणूस तितकाच हलका होतो. म्हणून वजन ठरवावयाचे ते बुडीच्या शेवटाकडे पाहून. वर येताना पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याची रीत आहे. रक्तात मुरलेला नायट्रोजन त्या अवधीत सावकाश निघून जातो. तेथे सिलिंडर जवळजवळ रिकामे असताना स्थिर राहता आले, म्हणजे शिसे बरोबर आहे. कमी पडले, तर माणूस बुचासारखा वर खेचला जातो.

मग अधिकच बांधले तर काय बिघडले? अंगातला निओप्रीनचा पोशाख बारीक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि माणूस अधिकच जड होतो. ते सावरण्यासाठी जाकिटात हवा भरावी लागते. शिसे जितके जादा, तितकी ही हवा जादा. आणि वर येताना तीच हवा फुगत जाऊन माणसाला झपाट्याने वर नेऊ लागते. अशा वेळी घाबरून श्वास कोंडला, तर फुप्फुसेही फुगून फाटण्याचा धोका असतो. म्हणजे आत्याबाईंचे दोन किलो निर्धोक मुळीच नव्हते.

वजन पाहण्याची रीत सोपी आहे. पाण्यात उभे राहून जाकिटातील हवा सर्व सोडावी आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबावे. पाणी डोळ्यांच्या पातळीस यावे. श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. सिलिंडर भरलेले असेल, तर ह्यात दोन किलोंची भर घालावी. शिसे कमरेच्या एकाच जागी न बांधता वाटून घ्यावे, म्हणजे देह आडवा राहतो व पाय खाली लोंबत नाहीत. संकटसमयी ते एका हाताने सोडून टाकता आले पाहिजे.

मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे पाय अडकविलेल्या दगडाच्या भाराने तळ गाठीत आणि दगड तेथेच सोडीत. वरचा सोबती तो दोरीने ओढून घेई. त्यांना केवळ खाली पोहोचावयाचे होते. आजच्या बुडी मारणाऱ्यास खाली तरंगत राहावयाचे असते.

शिक्षकाचा हात धरून आम्हीही एकदा खाली उतरलो. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे नाकासमोरून निघून गेले. प्रवाळाच्या फटीत समुद्रफुले डोलत होती. आणि जवळच एक अतिभाराने दबलेले गृहस्थ गुडघे टेकून प्रवाळाच्या माथ्यावर उभे राहू पाहत होते. प्रवाळ हे सजीवांचे घर. ते बोटभर वाढावयास वर्षे लागतात. १९८७ साली ह्या सागरास अभयारण्य म्हणून घोषित केले आहे, परंतु त्या गुडघ्याखाली ते अभय कितीसे टिकावे?

म्हणून घरातील मुलेमुली मालवणास निघाली, तर त्यांना अडवू नये. आधी वैद्याकडून कान, छाती व हृदय तपासून घ्यावे. शिक्षकास अनुभवाचा दाखला विचारावा. श्वास कधीही कोंडू नये, हे मुलांकडून वदवून घ्यावे. आणि किनाऱ्यावर निघताना शिक्षकास नम्रपणे विचारावे, "हिच्या अंगावर शिसे किती बांधलेत, आणि तेवढेच का?" जो शिक्षक ह्याचे उत्तर शांतपणे देईल, त्याच्या हाती मुलगी सोपवावयास हरकत नाही. आमच्या आत्याबाई तर आता प्रत्येक बुडीपूर्वी स्वतः जाऊन शिशाचे तुकडे मोजून येतात.