पाचगणीचे पठार आणि खांद्यावरचे ओझे

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात, तर टेबललँडवर सकाळी लवकर जा. जांभ्या दगडाचे सपाट पठार, खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी!

हे टिपायला माझ्या खांद्यावर जाडजूड डीएसएलआर असे. गुडघे कुरकुरू लागले, तसा तो जीपमध्येच राहू लागला. गेल्या हंगामात भिलारला एका बागेत स्ट्रॉबेरीच्या पानामागे लाल कोळी दिसला; कॅमेरा रस्त्यावर! मोबाइलवर तो बारीक जीव धूसर आला. तज्ज्ञांना दाखविणार काय? आठवडा गेला, कीड पसरली. त्या शेतकऱ्यापुढे मान खाली घालावी लागली.

यंदा मिररलेस घेतला. जुन्यात दृश्य डोळ्यापर्यंत पोचवायला आरसा आणि लोलक असतो. यात ते दोन्ही नाहीत; चित्र बारक्या पडद्यावर दिसते. म्हणून तो आटोपशीर. बॅटरी मात्र भराभर खातो, दुसरी खिशात हवीच. जुनी मॅक्रो लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालली, तेवढेच पैसे वाचले.

परवा पठार उतरून त्याच बागेत गेलो. शेतकऱ्याने पान उलटे धरले, मी फोटो घेतला. पडद्यावर मोठा करून त्याने कोळ्याचे पाय मोजले. आठ भरले.