पुसलेलें नाणें

हिंवाळा हा शेकोटीजवळ बसण्याचा ऋतु, अशी आमची जन्मभर समजूत होती. इंग्लंडांतील सफोक परगण्यांत मुलीच्या घरीं एक हिंवाळा काढला, तेव्हां ती दूर झाली. तेथील आमचे एक शेजारी ऐन जानेवारींत, गवतावरचें हिम विरघळण्यापूर्वींच, धातुशोधक यंत्र घेऊन जुनीं नाणीं शोधावयास निघत. एके दिवशीं आम्हीही त्यांच्यामागून गेलों.

“पण थंडींतच कां?” आम्हीं विचारलें. उन्हाळ्यांत शेतांत पीक उभें असतें, कुरणांत गवत माजतें. यंत्राची तबकडी जमिनीलगत फिरावयास हेच दिवस बरे, असें त्यांनीं सांगितलें. तबकडींतील तारेच्या वेटोळ्याचें चुंबकीय क्षेत्र मातींतल्या धातूंत वीजप्रवाह उत्पन्न करतें, आणि त्याचा प्रतिसाद शोधणाऱ्याच्या कानांत सुरासारखा उमटतो. मात्र चांदीचें नाणें कोणतें आणि ॲल्युमिनियमच्या डब्याची कडी कोणती, हें नुसत्या सुरावरून सराइतासही नेहमीं ओळखतां येत नाहीं. तीन तासांत आमच्या पदरीं दोन गुंड्या, शिशाची एक गोळी आणि पुष्कळशा कड्या पडल्या. आम्ही मनांतल्या मनांत चहाचा जप करूं लागलों.

इतक्यांत शेजाऱ्यांनीं एक ढेकूळ फोडलें, आणि त्यांतून चांदीचें नखाएवढें पातळ नाणें निघालें. त्यावरील क्रूस पार कडेपर्यंत पोंचला होता. म्हणजे तें १२४७ च्या पूर्वींचें नव्हे. आम्ही तें अंगठ्यानें चोळणार, तोंच त्यांनीं आमचें मनगट धरलें. “पुसूं नका!” मग त्यांनीं नाणें पिशवींत ठेवलें, जागेची नोंद केली आणि खड्डा बुजविला. असलें एकटें नाणें सरकारास कळविण्याची सक्ति नव्हती; तरी १९९७ पासून तेथें अशा वस्तूंची जी स्वेच्छेची नोंदवही चालते, तींत ते तें नोंदविणार होते.

आमचें मनगट सुटलें, पण मन सुटेना. लहानपणीं अशाच थंडींत नदीकांठच्या शेतांत आम्हांस एक शिवराई सांपडली होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, अशीं पुसट अक्षरें होतीं. तीं स्पष्ट दिसावींत म्हणून आम्हीं ती चिंच व राख लावून दुपारभर घांसली. नाणें लखलखलें, अक्षरें गेलीं. “कोठें सांपडली?” वडिलांनीं विचारलें. आम्हांस बांधही आठवेना. “मग आतां हा तांब्याचा तुकडा झाला,” एवढेंच ते म्हणाले.

वडिलांच्या बोलण्याचा अर्थ त्या कुरणांत उमगला. त्याच परगण्यांत, हॉक्सन गांवीं, १९९२ च्या नोव्हेंबरांत हरवलेला हातोडा शोधतां शोधतां एका गृहस्थास रोमन निधि लागला. सारा न उकरतां त्यानें वर्दी दिली. म्हणून चौदा हजारांहून अधिक नाणीं आणि दागिने पेटींत कसे रचले होते, हें संशोधकांस पाहतां आलें. आमच्या नाशिकजवळ जोगलटेंभीस १९०६ सालीं नहपानाचीं सुमारें १३ हजार रुपेरी नाणीं सांपडलीं. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविला होता. क्षहरातांचा उच्छेद केल्याचें लेण्यांतील लेख सांगतो; त्यास ही साक्ष मिळाली. तीं नाणीं आधींच सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर चांदीचें वजन उरलें असतें; साक्ष उरली नसती.

सांपडलेला निधि कलेक्टरास कळवावा, असा कायदा आपल्याकडे १८७८ मध्येंच झाला. पण पोराच्या हातांतील चिंच कोणता कायदा काढून घेणार?

घरीं परतल्यावर आम्हीं पेटींतील ती शिवराई काढली, एका चिठींत गुंडाळली आणि चिठीवर लिहिलें: “नदीकांठचें शेत, हिंवाळा, बांध आठवत नाहीं. अक्षरें होतीं, आम्हीं पुसलीं.”