आवक किती?

आमच्या बोदवडकडे बातमी म्हणजे आधी कापसाचा भाव. बाकीचं जग त्याच्या मागून येतं. मी लहान होते तेव्हा राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. 1972 पासून शेतकऱ्याने कापूस द्यायचा तो पणन महासंघालाच, म्हणजे आमच्या बोलण्यात फेडरेशनला. भाव सरकारने ठरवलेला असायचा, म्हणून घरात चर्चा चालायची ती चुकाऱ्याची. चुकारे कधी निघणार, यंदा फरक मिळणार का, ग्रेड कोणती लावली. आप्पा बैलगाडी भरून केंद्रावर जात आणि गाड्यांच्या रांगेत थंडीची रात्र काढून परत येत. आल्यावर हातपाय धुऊन होईस्तोवर मला हाक यायची, "वाच गं, चुकाऱ्याचं काही आलंय का?"

संध्याकाळी ओट्यावर शेजारची चार माणसं जमत. मी कंदिलाजवळ बसून पेपर वाचायची आणि ती मंडळी मध्येच अडवायची. कोण म्हणालं हे? मंत्री की अधिकारी? कुठे म्हणाला? 'असे समजते' म्हणून संपणारी बातमी आप्पा मोजतच नसत. हाताने 'पुढे' अशी खूण करत. त्यांतल्या दोघांना तर सहीपुरतंच लिहिता येत होतं, पण बातमीची उलटतपासणी त्यांच्याइतकी बारकाईने करणारी माणसं मला पुढे फार थोडी भेटली. आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर बाजारभाव लागले की ओट्यावर कोणी बोलत नसे. निवेदक गावाचं नाव घेई, मालाचं नाव घेई, मग आकडा सांगे आणि पुढच्या गावाकडे वळे.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बघता बघता गावात घरोघरी इंटरनेट पोचलं. त्या दिवसांतला आनंद खरा होता, तो मी नाकारणार नाही. ज्यांची भाषणं ऐकायला मुंबई-पुण्याला जावं लागलं असतं, ते वक्ते आमच्या स्वयंपाकघरात बोलू लागले. भाकऱ्या थापताना मी तासतासभर ऐकत असे. शाळेतल्या मुलांना दाखवायला नकाशे मिळाले, जुन्या मुलाखती मिळाल्या. बहिणाबाईंचं आसोदं आमच्यापासून फार लांब नाही. त्यांच्या ओव्या वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकायला मिळाल्या. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी त्या ओव्या उतरवून ठेवल्या आणि 1952 मध्ये, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. एका बाईचे शब्द जपायला केवढी माणसं राबली, हे ऐकताना सारखं मनात येई.

पुढे पुढे फोनवर समोर येणारा माल बदलत गेला. मी काय शोधते याला महत्त्व उरलं नाही, मी कशावर थांबते याला आलं. लाल बाण, वासलेलं तोंड, 'धक्कादायक', 'शेवटपर्यंत पाहा'. मथळ्यात प्रश्न विचारायचा आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओत त्याचं उत्तर द्यायचंच नाही. बोलणारा कोण, कुठला, त्याला हे कुणी सांगितलं, यातलं काही कळत नसे. ओट्यावरच्या माणसांनी पहिल्या वाक्यालाच हाताने 'पुढे' केलं असतं.

माझं मन खऱ्या अर्थाने विटलं ते 2018 च्या जुलैत. 1 जुलैचा रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत फोनाफोनांवर होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पोटासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून इतक्या लांब आलेली माणसं. आमच्या खान्देशात दारात आलेल्या गोसाव्याला ओंजळभर धान्य दिल्याशिवाय पाठवत नाहीत, असं ऐकत मी वाढले. त्या खान्देशात हे घडलं.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरची दोन माणसं रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला. सबंध खोटं रचायला निदान काही मेहनत लागते. इथे शेवटचे काही क्षण छाटले आणि काम झालं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती योग्यच होती. पण पाच ठिकाणीही खोटं पोचतंच.

त्यानंतर आला 2022 चा कापूस. आदल्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता, काही ठिकाणी बाराच्याही पुढे. साहजिकच नव्या कापसाला लोकांनी तीच आशा लावली. लांब धाग्याचा हमीभाव होता 6380 रुपये आणि बाजार सुरुवातीला त्याच्या बराच वर होता. पण रोज नवा व्हिडिओ येई: विकू नका, थांबा, भाव चढणार. माझ्या चुलतभावाच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचला होता. पाहुणा आला तर बसवायला जागा नाही, म्हणून अंगणात खाट टाकायची. जानेवारी सरला तशी त्या कापसातून बारीक किडे निघू लागले. पोरांच्या हातापायांवर लाल चट्टे उठले, रात्ररात्र खाजवून ती रडत. वहिनी लिंबाचा पाला उकळून त्यांना अंघोळ घालायची. मी विकायचं काढलं तर भाऊ म्हणायचा, "बारा हजार होईन म्हने, दम धर." मे-जूनपर्यंत भाव सात हजारांच्या आसपास आला आणि कर्जाचा हप्ता भरायला त्याच भावात तो कापूस गेला.

न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे 2022 मध्ये पौंडाला दीडशे सेंटच्या वर गेलेला कापूस आपला हंगाम सुरू होईपर्यंत शंभराच्या पार खाली आला होता. जगभर कापडाची मागणी मंदावली होती. ही माहिती कुणी लपवलेली नव्हती, छापून येत होती. त्या व्हिडिओंत मात्र मी ती एकदाही ऐकली नाही. 'थांबा' म्हणणाऱ्याला लोक पाहत होते आणि पाहणाऱ्यांवरच त्याची कमाई होती. भाऊ गाफील नव्हता. रोज दोन-दोन तास तो माहितीच घेत होता, आणि माझा राग आहे तो यावर. कष्टकरी माणसाचा वेळ आणि विश्वास घेऊन त्याच्या पदरात काहीही न टाकणारा हा धंदा आहे.

फोन फेकून देणं मला पटलं नाही. मग त्याच फोनवर काय घेण्याजोगं आहे ते मी शोधू लागले. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात. कोरडा तक्ता: तारीख, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. त्यातला आवकेचा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दहा क्विंटल आवकेवरचा उच्चांकी भाव आणि दोन हजार क्विंटलवरचा सर्वसाधारण भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हिडिओवाला नेमका तो दहा क्विंटलवाला आकडा उचलतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे गुलाबी बोंडअळीबद्दलचे सल्लेही मी आता भावाला वाचून दाखवते. ते सल्ले काढणारी संस्था ठाऊक आहे, चुकलं तर जाऊन विचारता येतं.

आणि मराठी विश्वकोश. त्याचे वीस खंड आज कुणालाही फुकट वाचता येतात. पहिला खंड निघाला 1976 मध्ये. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे पिंपळनेरचे, 1901 चा जन्म. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे. राईनपाडाही त्याच तालुक्यात. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बराच वेळ काही वाचू शकले नाही. त्याच तालुक्याच्या मातीतून आलेल्या माणसाने वाईला बसून जगाचं ज्ञान मराठीत तपासून, पारखून आणण्यात हयातीची कितीतरी वर्षं घातली. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे, संदर्भग्रंथ आहेत. 'कापूस' ही नोंद मी भावाच्या मुलीबरोबर वाचली. तिने विचारलं, हे लिहिणाऱ्याला पैसे किती मिळाले असतील? मला सांगता आलं नाही, पण तिला तो प्रश्न पडला याचं बरं वाटलं. बातमीमागे कुणाचा पैसा असतो, हे पोरांना कळायलाच हवं.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 72 वर्षांनी साहित्य संमेलन भरलं. तिथून 'गीता प्रवचने' आणली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. ऐकणारे कैदी होते. बोलणाऱ्याला घाई नव्हती आणि लिहिणाऱ्याने शब्द सांडू दिला नाही. घरात आता रात्री जेवणं झाली की त्यातली चार पानं मोठ्याने वाचतो. चुलतभाऊही येतो. तो मध्येच अडवून प्रश्न विचारतो, ते मला फार आवडतं.

कापूस घरात यायला लागला की यंदाही तुमच्या ग्रुपवर भाव येतील. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: कोणत्या बाजार समितीचा, कोणत्या तारखेचा, आवक किती? उत्तर आलं नाही तर तो भाव तुमच्यापाशीच थांबू द्या.