बासनातील विंचू

नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी, तीर्थोपाध्यायांची जुनी घरे आहेत. या घरांतून सोन्याचांदीहून अधिक जपलेली एक वस्तू असते. ती म्हणजे नामावळी. रामकुंडावर स्नानासाठी किंवा श्राद्धासाठी आलेल्या यात्रेकरूचे नाव, गाव, त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव आणि येण्याची तिथी चोपड्यांत लिहून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. यजमानाने आडनाव व गाव सांगावे, उपाध्यायांनी नेमके बासन सोडावे आणि पणजोबांचे मोडी हस्ताक्षर त्याच्यापुढे ठेवावे, असा प्रसंग येथे पुष्कळांनी अनुभवला आहे. ज्या माणसाचे चित्र नाही, ज्याचे घर उरले नाही, त्याची तेवढीच एक खूण कागदाच्या एका ओळीवर तग धरून असते.

अशाच एका घरात एक वृद्ध उपाध्याय, त्यांची पत्नी आणि सातवीत शिकणारी त्यांची नात राहत होती. आजोबांच्या स्वाधीन पूर्वजांनी लिहिलेल्या चोपड्यांची वीस-बावीस बासने होती. ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीला मोठा पूर आला. नदीपात्रातील दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून नाशिककर पुराचे माप घेतात. त्या दिवशी पाणी काठावरच्या घरांत आणि दुकानांत शिरले. आजोबांनी भांडीकुंडी, कपडे, धान्य कशाकडेही पाहिले नाही. नातीला हाताशी घेऊन त्यांनी सारी बासने माडीवर नेली आणि मागच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर रचून ठेवली. पूर ओसरला. एकही पान भिजले नव्हते. आजोबांनी नदीला हात जोडले.

नवरात्र आले. सरस्वतीपूजनासाठी आजोबांनी एक बासन खाली आणून सोडले, तोच पानांच्या घडीतून तपकिरी रंगाचे काहीतरी सरसरत बाहेर आले. त्याला दोन चिमटे होते आणि ते उगारून ते उलट पावली मागे सरकत होते.

"अगं बाई, विंचवाचं पिल्लू!" आजी दचकून म्हणाल्या. "एक आहे म्हणजे आणखीही असतील. ती बासनं आधी अंगणात काढा!"

शेजारचे गृहस्थ धावून आले. त्यांनी रॉकेल शिंपडण्याचा सल्ला दिला. कोणी म्हणाले, चोपड्या दोन दिवस कडक उन्हात टाका. आजोबांच्या हाताला कंप सुटला. नातीने मात्र शाळेच्या दप्तरातून भिंग आणले आणि काचेच्या वाटीखाली धरलेल्या त्या जिवाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"आजोबा, याला नांगीच नाही!" ती म्हणाली. "चिमटे आहेत, आठ पाय आहेत, पण शेपूट नाही. आणि विंचवाची पिल्ले आधी आईच्या पाठीवर असतात ना? हे तर एकटेच हिंडते आहे."

दुसऱ्या दिवशी आजोबा तिला सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेले. १८४० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयात कीटकांवरची पुस्तके पाहता पाहता तिला त्या जिवाचे चित्र सापडले. इंग्रजीत त्याला 'पुस्तकविंचू' अशा अर्थाचे नाव आहे. तो तिळाहून फारसा मोठा नसतो आणि माणसाला त्याच्यापासून काहीही अपाय होत नाही. तो कागदही खात नाही. पुस्तकांत राहणारा, विंचवासारखा पण शेपूट नसलेला एक जीव असतो, असे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानेही लिहून ठेवले आहे. मग तो चोपडीत कशासाठी आला? शिकारीसाठी! पुस्तकांत फिकट रंगाची, उवेसारखी, अगदी बारीक किडे असतात. ते त्याचे खाद्य.

नातीच्या मनात पुढचा प्रश्न आला : मग ते किडे कशासाठी आले? उत्तर त्याच पानावर होते. ते किडे बुरशीवर जगतात. हवा कोरडी झाली, की त्यांच्या अंगातील पाणी आटते आणि ते मरतात. म्हणजे जेथे ते आहेत, तेथे बुरशी आहे; आणि जेथे बुरशी आहे, तेथे ओल आहे.

घरी येताच ती माडीवर गेली आणि तिने फळीमागच्या भिंतीला तळहात लावला. भिंत गार व दमट होती. वर कौलांजवळची पन्हळ फुटलेली होती आणि सारा पावसाळाभर तिचे पाणी भिंतीत मुरत राहिले होते. नदीचा पूर गर्जना करीत आला, तेव्हा सगळे सावध झाले. ओल मात्र चोरपावलांनी आली आणि कोणाच्या ध्यानातही आली नाही.

आता प्रत्येक बासन सोडून पाहणे भाग होते. नात भिंगातून पाही आणि आजोबा हलक्या हाताने पाने उलटीत. वाळवी असती तर मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढताना दिसल्या असत्या; त्या नव्हत्या. कागद पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीने आरपार गोल भोके पाडली असती, तीही नव्हती. एका चोपडीत मात्र पानांचा पृष्ठभाग जागोजागी खरवडल्यासारखा झाला होता आणि काही ठिकाणी कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला होता. पान उलटताच चांदीच्या रंगाचा, निमुळता, मागे तीन शेपट्या असलेला एक किडा अंधाराकडे पळाला. ती कसर होती. खळ आणि कागद हे तिचे आवडते अन्न. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे चित्र आपल्या ग्रंथात छापले होते. तिलाही ओलच हवी असते.

रोग कळला, तसा उपायही कळला. रॉकेलने कागद कायमचा डागाळला असता आणि कडक उन्हाने जुनी पाने ठिसूळ झाली असती. म्हणून चोपड्या सावलीत, वाहत्या वाऱ्यात उघडून ठेवल्या. मऊ कुंचल्याने पानांवरची बुरशी व धूळ बाहेर अंगणात झाडली. पन्हळ दुरुस्त झाली. फळी भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली. आजींनी धुऊन वाळवलेल्या कापडात बासने नव्याने बांधली आणि पूर्वीच्या रीतीप्रमाणे वेखंडाच्या पुरचुंड्या त्यांत ठेवल्या. भिंत पुरती वाळायला मात्र पुढचा उन्हाळा यावा लागला.

दिवाळीनंतर वऱ्हाडातून एक वृद्ध शेतकरी आले. त्यांनी आडनाव व गाव सांगितले. आजोबांनी नेमकी तीच, कसरीने खाल्लेली चोपडी काढली. पान सापडले. शेतकऱ्याच्या आजोबांचे नाव स्पष्ट होते. पुढे लिहिले होते, 'बरोबर धाकटे बंधू', आणि त्यापुढे कागदाचा पातळ, कोरा पापुद्रा होता.

शेतकरी बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या आजोबांना भाऊ होता, हे मला आजच समजलं. नाव मात्र आता कधीच समजणार नाही."

आजोबांची मान खाली गेली. नातीने काही न बोलता दौत आणि कागद पुढे केला. शेतकऱ्याने आपले नाव सांगितले, मग मुलांची आणि नातवंडांची नावे सांगितली. शेवटी आपल्या धाकट्या भावाचेही नाव त्याने दोनदा सांगितले. आजोबांनी ती सर्व नावे ठळक अक्षरांत लिहून घेतली.

तेव्हापासून दर महिन्याला एक बासन उघडण्याचे काम नातीकडे आले. क्वचित एखादा चिमुकला पुस्तकविंचू चिमटे उगारून तिच्यापुढे येतो. ती त्याला मारीत नाही. त्याला अलगद बाजूला करते, उठते आणि आधी भिंतीला हात लावून पाहते.