डालड्याचा डबा

आमच्या घरात डालड्याचा डबा कधी वाया गेला नाही. रिकामा झाला की त्यात आधी कुळीथ, मग धुण्याचा सोडा आणि शेवटी बुडाला भोकं पाडून तुळस. आतला ऐवज मात्र दिवाळीच्या फराळातच संपायचा.

आई चिरोट्यांचा साटा परातीत तळहातानं फेसायची. तांदळाची पिठी आणि डालडा, पांढराशुभ्र आणि हलका होईपर्यंत. कढवलेलं तूप वरणभातावर आणि तळणाला डालडा, अशी घरातली वाटणी होती. तळणाला तूप परवडत नव्हतं, हे खरंच. पण डालड्यातल्या चिरोट्याचे पापुद्रे सुटे व्हायचे आणि तो पुढे कितीतरी दिवस खुसखुशीत राहायचा, हेही खरं. टाळूला मेणचट थर बसायचा, त्यावर गरम चहा घ्यायचा.

तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं आणि लवकर खवट होत नाही. या प्रक्रियेचं पेटंट जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली घेतलं. आपल्याकडे डालडा नावाचं वनस्पती तूप आलं १९३७ मध्ये. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची वेगळीच ओळख झाली. तुपाच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवायचं. लालसर रंग आला की वनस्पती तुपाची भेसळ. गंमत म्हणजे तो रंग तिळाच्या तेलामुळे यायचा. भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचं तेल घालणं कायद्यानंच सक्तीचं होतं. तुपात डालडा जाऊ नये याची एवढी काळजी. पोटात किती जातो, ते कोणी पाहत नव्हतं.

वडिलांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी तूप बंद केलं. रोज चहाबरोबर चालणाऱ्या बेकरीच्या खारीतल्या वनस्पती तुपाबद्दल कोणी विचारलंच नाही. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर चांगलं कमी करतं. नव्वदच्या दशकात हे शास्त्रज्ञांपुढे स्पष्ट होऊ लागलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत यायला फार उशीर झाला. खाद्यतेलं आणि वनस्पती यांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. चांगलंच झालं. पण म्हणून वनस्पती तूप निर्दोष ठरत नाही. त्यातली संपृक्त चरबी आहेच.

आता माझ्या स्वयंपाकघरात डालडा नाही, साटा तुपाचाच होतो. त्यामुळे मी सुटलो असंही नाही. नाक्यावरच्या वड्याच्या कढईत कालच्या तेलावर आजचं तेल पडतं, ते मी रोज बघतो. पुन्हा पुन्हा तापून तेल काळं, चिकट होतं, फेसाळतं. त्यात साठणाऱ्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं तर ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. गाडीवर ते मोजणार कोण?

तेव्हा वडा खा, पण आधी कढईत डोकावा. फरसाणाचं पाकीट उलटं करून घटक वाचा. 'हायड्रोजनेटेड' दिसलं तर परत ठेवा. सुट्या मालाला लेबल नसतं, तिथे दुकानदाराला तेल कुठलं ते विचारा. आणि घरी तळून उरलेलं तेल दुसऱ्या तळणासाठी राखून ठेवू नका.