शिल्लक

धर्मग्रामाच्या कचेरीतील संगणक जुना. त्यावर गरिबांच्या निधीचा जमाखर्च ठेवणारी आज्ञावली पायथॉन भाषेत लिहून देण्याचे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने आनंदाने पत्करले. "फादर, पायचार्म घालू की नोटपॅडवरच लिहू?" त्याने विचारले. पहिल्यात लिहिणे, चुका दाखवणे, आज्ञावली पायरीपायरीने चालवून पाहणे, सारे एकत्र. दुसऱ्यात निव्वळ अक्षरे. "नोटपॅडच. हाताला वळण लागेल," आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तरलो.

जे अवघड तेच पुण्यप्रद, असा एक संस्कार सेमिनरीच्या दिवसांपासून आमच्या अंगी मुरलेला आहे. शिवाय बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीत लिहिलेल्या व्हीआय या एडिटरचे उदाहरण आमच्या जिभेवर होतेच. तो आजही जगभर वापरला जातो. परंतु त्याच्या काटकसरीमागे सेकंदाला ३०० बिटांची मंद जोडणी होती, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. ती अडचण होती, व्रत नव्हे. १९८३ साली टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपायलर एकाच छताखाली आणले. चूक सापडताच ते लिहिणाऱ्याला नेमक्या त्या जागी नेऊन उभे करी. त्यामुळे प्रोग्रामरांचा आळस वाढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

काही महिन्यांनी यंत्रातील शिल्लक आणि पेटीतील रोकड जुळेना. पेटीत कमी. कोषाध्यक्ष निवृत्त शिक्षक. ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात हिशेब जुळला, आणि आम्ही समाधान मानले. एके रविवारी मिस्सानंतर त्यांच्या पत्नीने आम्हांला बाजूला घेतले. तूट ते पेन्शनमधून भरीत होते.

तरुणाने मित्राच्या लॅपटॉपवर पायचार्ममध्ये आज्ञावली उघडली, तेव्हा एक शब्द फिकट दिसू लागला. 'शिल्लक' हे नाव त्याने रोमन लिपीत सर्वत्र दोन एल घालून लिहिले होते. औषधांच्या मदतीच्या ओळीत मात्र एकच. पायथॉन अशा वेळी तक्रार करीत नाही, मुकाट्याने नवे नाव धरून चालते. औषधांचा खर्च कधी वजाच झाला नव्हता. ते दुसरे नाव पुढे कोठेच वापरलेले नाही, एवढेच पायचार्मने रंग उतरवून सांगितले. नोटपॅडमध्ये दोन्ही शब्द सारखेच काळे.

आमची प्रवचने आम्ही आजही नोटपॅडमध्येच लिहितो. तेथील चुकीने फार तर एखाद्याची झोप मोडते. साधेपणाचे व्रत आम्ही घेतले होते, त्या मुलाने नव्हे, आणि त्याची किंमत तर तिसऱ्यानेच मोजली.

पैशांचे पाकीट घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, चष्मा काढला आणि विचारले, "फादर, हे आता यंत्रात कोणत्या खात्यावर लिहिणार?"