वरंध घांटांतील एक दुपार

गेल्या मार्गशीर्षांत शिवथरघळीस जाण्याचा माझा पुष्कळ दिवसांचा संकल्प एकदांचा सिद्धीस गेला. धाकट्या भावाचा मुलगा आपल्या जुन्या फटफटीवर मला न्यावयास तयार झाला. 'या वयांत हें कसलें वेड!' म्हणून घरांतील बायकामंडळींनीं बराच विरोध केला. पण मीं ऐकलें नाहीं.

भोर सोडल्यावर रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनें जातो. पावसाळ्यांत दरडी कोसळून वारंवार बंद पडणारा हा मार्ग हिवाळ्यांत मोठा रमणीय असतो. खिंड ओलांडली कीं देश मागें राहतो व कोंकण सुरू होतें. वाघजाईच्या देवळाजवळ चहा घेतला, माकडांच्या तावडींतून थोडीं भजीं वांचविलीं, आणि उतारास लागलों.

दुसऱ्याच डाव्या वळणावर इंजिन एकाएकीं ओरडूं लागलें. पुतण्यानें मूठ सोडली तरी वेग उतरेना. 'काका, रेस अडकली!' एवढेंच तो बोलला. पण लागलीच क्लच दाबून त्यानें किल्ली फिरविली व दोन्ही ब्रेक लावले. कठड्यापासून चार हातांवर आम्ही थांबलों. पलीकडे दरी होती. कांहीं वेळ दोघांसही शब्द फुटेना.

मग खालीं मान घालून तो म्हणाला, 'काका, मूठ दोन दिवस जड लागत होती. सांगितलें असतें तर तुम्ही निघालां नसतां.' मी रागावणार होतों. परंतु मला आठवलें कीं, सकाळीं तो मूठ पुनःपुन्हां फिरवून पाहत असतां 'ऊन चढेल, चल आधीं,' अशी घाई मींच केली होती.

यंत्रविद्येंत मी अजाण. पण न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक येथेंही लागू पडतो. मूठ फिरविली कीं केबलमधील तार ओढली जाते, कार्बोरेटरमधील दट्ट्या वर उचलला जातो व पेट्रोलमिश्रित हवा अधिक जाते. सोडली कीं स्प्रिंग त्यास खालीं ढकलते. अर्थात् दोष मूठ, केबल वा दट्ट्या यांत कोठें तरी असणार. मीं म्हटलें, 'तिघांस वेगळें कर, आणि एकेकाची परीक्षा घे.' त्यानें तार सोडविली. नुसती मूठ सहज फिरली. दट्ट्या बोटानें वर-खालीं केला, तोही अडेना. तार मात्र आपल्या नळींत रखडे, आणि हँडल डावीकडे वळविलें कीं मुळींच सरकेना. टांकीखालीं वांकून पाहिलें, तों नवा दिवा बसवितांना त्यानेंच दिव्याच्या वायरींबरोबर ही केबलही प्लास्टिकच्या पट्टीनें आवळून टाकली होती! वळणावर ती ताणे व मुरडे.

पट्टी कापून केबलला मोकळें वळण दिलें. तार कोठें पिंजलेली नाहीं हें पाहिलें. तशी असती तर ती बदलावीच लागली असती. इंजिनचें तेल मोजण्याच्या कांडीवरील थेंब केबलच्या वरच्या तोंडांत सोडले व ते खालच्या टोकास दिसेपर्यंत ती उभी धरली. सर्व जोडल्यावर मुठीस दोन-चार मिलिमीटर ढील ठेवली. इंजिन चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविलें. आवाज बदलला नाहीं, आणि मूठ सोडतांच झटकन् मागें आली. तेव्हांच पुढें निघालों.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं शोधून काढलेली ती घळ तिन्हीसांजेस पाहिली. समर्थांनीं दासबोध सांगितला तो येथेंच, अशी श्रद्धा आहे. त्या थंड पाषाणावर बसलों असतां माझे हात अद्यापि थरथरत होते.

घरीं येऊन आम्हीं कांहींएक लपविलें नाहीं. बोलणीं दोघांनींही खाल्लीं. तेव्हांपासून परिपाठ ठरला आहे: गाडी काढण्यापूर्वीं मूठ फिरवून सोडून पाहावयाची, आणि तें चाललें असतां वडीलधाऱ्यांनीं 'चल आधीं' म्हणावयाचें नाहीं.